ड्रोनची उंची आपोआप का बदलते?

रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या, तरी ड्रोन एका उंचीवर थांबत नाही. कधी तो हळूहळू खाली सरकतो, कधी दोन-तीन मीटर उसळी घेतो, तर कधी वर निघाला की ऐकायलाच तयार नसतो. लग्नाचं चित्रीकरण करणारे, शिगम्याची मिरवणूक वरून टिपणारे, खाणीचं मोजमाप घेणारे आणि मुलाला खेळण्यातला ड्रोन आणून देणारे आईवडील, या सगळ्यांची ही सामाईक तक्रार आहे. आमोणे, नावेली, मये, साखळी या गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या पट्ट्यात तिचं एक उत्तर चटकन सुचतं: इथल्या जमिनीत लोखंड आहे, त्यामुळे ड्रोनचं होकायंत्र बिघडतं.

उत्तर पटण्यासारखं आहे, पण संशय भलत्यावरच जातो. होकायंत्र ड्रोनला दिशा सांगतं, उंची नाही. ते चुकलं की ड्रोन वाढत्या गोलात फिरायला लागतो किंवा तिरका वाहत जातो. शिवाय गोव्याचं लोहखनिज बहुतांश हेमॅटाइट आहे आणि हेमॅटाइटचं चुंबकत्व फार क्षीण असतं. मांडवीतल्या बार्जचा पोलादी डेक, पुलाच्या काँक्रीटमधल्या सळ्या किंवा आमोण्याच्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यातले पोलादी सांगाडे होकायंत्राला त्याहून जास्त त्रास देतात. अशा जागेवरून ड्रोन उठवू नये हे खरंच. पण तक्रार उंचीची असेल, तर शोध आधी हवेत घ्यावा लागतो.

बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्रोनकडे उंची थेट मोजण्याचं साधन बहुतेक नसतंच. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. वर गेलं की दाब कमी होतो, हे १६४८ साली फ्लोरिन पेरिए यांनी मेव्हणे ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून फ्रान्समधल्या पुई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवलं. तेच तत्त्व आज एका इवल्याशा चिपमध्ये बसलं आहे. हौशी ड्रोनच्या बोर्डांवर वर्षानुवर्षं वापरली गेलेली एमएस ५६११ ही चिप ५ बाय ३ मिलिमीटरची असते आणि ती साधारण १० सेंटिमीटर उंचीचा फरक ओळखू शकते.

हे काम किती नाजूक आहे ते आकड्यांतून कळतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. एक मीटर वर गेलं की तो जेमतेम १२ पास्कलनी उतरतो. साध्या ८० ग्रॅमी कागदाच्या पंधरा पानांची चळत टेबलावर ठेवली, तर तिच्या वजनाचा खालच्या जागेवर जेवढा दाब पडतो, तेवढाच हा फरक. एवढ्याशा फरकावर ड्रोनला मीटरभराची उंची ठरवायची असते. मग दाब दुसऱ्या कुठल्याही कारणाने तेवढाच हलला, तरी ड्रोनची समजूत होते की आपण वर गेलो किंवा खाली आलो, आणि तो प्रामाणिकपणे ती "चूक" दुरुस्त करायला निघतो.

दाब हलायला कारणं पुष्कळ आहेत. पहिलं कारण घड्याळाशी बांधलेलं आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली. गोव्यासारख्या ठिकाणी शांत हवेतसुद्धा हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल पडतो, म्हणजे उंचीच्या भाषेत सतरा ते पंचवीस मीटर. सहा तासांत विभागला की वीस मिनिटांच्या उड्डाणाच्या वाट्याला साधारण एक मीटर येतो. दुपारी दाब उतरत असताना ड्रोनला वाटतं की आपण वर चाललो आहोत, म्हणून तो खाली सरकतो. सकाळी दहाच्या आत याच्या उलट होतं. एवढ्या सावकाश सरकण्याला बिघाड म्हणता येत नाही. मे महिन्यातल्या वळिवाच्या वादळाआधी मात्र दाब काही मिनिटांत एक-दोन हेक्टोपास्कल उडी मारू शकतो, आणि तेव्हा ड्रोनही दहा-पंधरा मीटर हलला तर नवल नाही. असं आभाळ दिसलं की ड्रोन पेटीत ठेवावा, हे बरं.

मोपा किंवा दाबोळीला उतरणाऱ्या वैमानिकाला त्या घडीचा दाब नियंत्रण कक्षाकडून कळतो आणि तो त्यानुसार आपलं उंचीमापक जुळवून घेतो. ड्रोनला असं कोणी काही सांगत नाही. तो उठताना जो दाब सापडतो त्यालाच शून्य धरतो आणि बॅटरी संपेपर्यंत त्याच शून्यावर हिशेब चालवतो.

दुसरं कारण वारा, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. वारा ड्रोनला ढकलतो हे सगळ्यांना कळतं. तो ड्रोनच्या उंचीमापकालाही फसवतो हे लक्षात येत नाही. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा एखाद्या पृष्ठभागावर समोरून आदळला, तर सुमारे ६० पास्कल दाब निर्माण होतो, म्हणजे पाच मीटर उंचीएवढा. ड्रोनच्या कवचातल्या फटीतून हा दाब चिपपर्यंत पोहोचला, की आकडा चुकतो. पुढे वेगाने जाताना कवचाच्या आत दाब घटला, तर ड्रोनला आपण उंच गेल्यासारखं वाटतं आणि तो खाली येतो. थांबला की पुन्हा वर उसळतो. पुढे जाताना खाली आणि ब्रेक मारल्यावर वर, असा ठरलेला नमुना दिसला तर दोष जवळजवळ नक्की इथेच आहे. ड्रोन स्वतः बांधणाऱ्यांमध्ये प्रचलित असलेल्या आर्डूपायलट या मुक्त प्रणालीत वाऱ्यामुळे येणारी ही चूक वजा करण्याची सोयच दिलेली आहे, त्यावरून हा त्रास किती सार्वत्रिक आहे ते कळावं.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. दाब मोजणाऱ्या चिपवर स्पंजचा छोटा तुकडा बसवलेला असतो. तो झुळूक अडवतो आणि दाब जाऊ देतो. हा स्पंज उन्हाने भुगा होतो, दुरुस्तीच्या वेळी पडतो, किंवा परत बसवायचा राहून जातो. तो आणखी एक काम करतो, ते म्हणजे प्रकाश अडवण्याचं. एमएस ५६११ सारख्या चिपच्या झाकणाला भोक असतं आणि आत ऊन शिरलं की तिचं वाचन बदलतं. सूर्याकडे तोंड केल्यावर उंची बदलते आणि वळल्यावर पूर्ववत होते, असं असेल तर स्पंज बघावा. खाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ट्रकांच्या रस्त्याकडेची तांबडी धूळ पंख्यांच्या झोताने उडून कवचाच्या फटींत बसते आणि पावसाळी दमटपणात तिथेच घट्ट होते. मऊ ब्रशने फटी साफ कराव्यात. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने मात्र नाही, कारण त्या झोताने चिपच निकामी होऊ शकते.

चांगले ड्रोन एकट्या दाबावर विसंबत नाहीत. त्यांच्यात प्रवेगमापक असतो, जीपीएस असतं, आणि पोटाला खाली बघणारा कॅमेरा, अल्ट्रासोनिक किंवा इन्फ्रारेड सेन्सर असतो. या सगळ्यांच्या साक्षी पडताळून ड्रोनचा संगणक उंची ठरवतो. एखादा साक्षीदार आत्मविश्वासाने खोटं बोलला, की निकाल बिघडतो.

प्रवेगमापक झटपट हालचाल ओळखतो, पण त्याची छोटीशी चूकही वेगाने साठत जाते. सेकंदाच्या वर्गाला ०.१ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभराव्या भागाएवढी चूक असेल आणि तिला कोणी आवर घातला नाही, तर दहा सेकंदांत पाच मीटरचा फरक पडतो. तापमान बदललं की ही चूक बदलते. पणजीहून एसी गाडीतून आणलेला ड्रोन मे महिन्याच्या दुपारी आमोण्याच्या सड्यावर काढून दोन मिनिटांत उठवला, तर आतले सेन्सर उड्डाण चालू असतानाच तापत राहतात. त्याला सावलीत दहा मिनिटं बाहेर ठेवून मग उडवलं, की अशा पुष्कळशा तक्रारी मिटतात.

जीपीएसचं आडवं स्थान जेवढं भरवशाचं, तेवढी उंची भरवशाची नसते, कारण सगळे उपग्रह डोक्यावर असतात आणि पायाखाली एकही नसतो. त्यातून उंचीचे आकडे दोन पद्धतींनी दिले जातात: कधी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, कधी समुद्रसपाटीपासून. जीपीएसचा गणिती लंबगोल आणि प्रत्यक्ष समुद्रसपाटी यांच्यातलं सगळ्यांत मोठं अंतर जगात श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, सुमारे १०६ मीटर. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही ते साठ मीटरहून अधिक भरतं. एका ॲपमध्ये ड्रोन समुद्राच्या खाली दिसतो आणि दुसऱ्यात तीस मीटरवर, याचं कारण हे. ड्रोन हललेलाच नसतो.

पोटाखालचा कॅमेरा पाण्यावर हमखास गोंधळतो. तो खालच्या जमिनीवरचे डाग, कडा, दगड ओळखून स्वतःची जागा ठरवतो. मांडवीचं वाहतं पाणी किंवा मये तलावाचा आरशासारखा पृष्ठभाग त्याला धरायला काहीच देत नाही; उलट लाटांबरोबर ड्रोनच सरकायला लागतो. अंतर मोजणारे सेन्सरही पाण्यावर चुकीचं अंतर सांगतात आणि ड्रोन पाण्याकडे उतरतो. म्हणून उत्पादक आपल्या पुस्तिकांत पाण्यावरून कमी उंचीने उडवू नका असं बजावतात. हरवळ्याच्या धबधब्यापाशी तर तुषार, खाली येणारी हवा आणि कड्याने अडवलेलं जीपीएस असे तीन त्रास एकदमच येतात. ही अडचण पैशाने सुटत नाही. नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर १८ जानेवारी २०२४ रोजी मंगळावर आपल्या ७२व्या उड्डाणात जायबंदी झालं. खालच्या वाळूवर खुणाच नसल्यामुळे कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रणेला पुरेशी माहिती मिळाली नाही, असं नंतरच्या तपासणीत निघालं.

यापुढचा प्रकार सगळ्यांत जास्त भेटतो आणि तो बिघाडच नसतो. ड्रोन सांगितलेलंच करत असतो. सांगितलं कधी ते उडवणारा विसरलेला असतो. टेकडीआड गेल्यावर रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन "रिटर्न टू होम" सुरू करतो. आधी तो ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत निघतो. ती उंची ६० किंवा १०० मीटर ठेवलेली असेल, तर तीस मीटरवरचा ड्रोन अचानक सरळ वर गेलेला दिसतो. बॅटरी फारच उतरली की तो उलट आपसूक खाली यायला लागतो. विमानतळाजवळच्या क्षेत्रात काही ड्रोनचं सॉफ्टवेअर उंचीला स्वतःच मर्यादा घालतं. उंची आपोआप बदलली असं म्हणण्याआधी ॲपमधले त्या वेळचे इशारे वाचावेत.

कधी ड्रोन हलतही नाही, जमीन हलते. पडद्यावरची उंची ही जिथून उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते. डिचोलीच्या एखाद्या उघड्या खाणीच्या काठावरून ड्रोन उठवून खड्ड्यावर नेला, तर पडद्यावर ४० मीटर असताना खाली १०० मीटरची पोकळी असू शकते. परतताना चढाच्या बाजूने आलं, तर तोच ड्रोन झाडाच्या शेंड्याला लागतो. हे ज्ञान इथे केवळ हौशी लोकांच्या कामाचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती झाली. वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाची योजना असलेल्या, किंवा ५० हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या खाणपट्टाधारकांना दरवर्षी ड्रोन सर्वेक्षणाची चित्रं सादर करणं तेव्हापासून बंधनकारक आहे. एक हेक्टर ढिगाच्या उंचीत फक्त १० सेंटिमीटरची चूक झाली, तर आकारमानात हजार घनमीटरचा फरक पडतो. सुट्या लोहखनिजात तो दोन हजार टनांच्या घरात जातो. म्हणून सर्वेक्षणाचे ड्रोन दाबावर न विसंबता जमिनीवरच्या स्थानकाशी जुळवलेलं अचूक उपग्रह-मापन आणि जमिनीवर आखलेल्या खुणा वापरतात. शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनला पोटाला रडार असतं ते याचसाठी. पिकावरून दोन-तीन मीटरवर उडताना दाबाचा अंदाज कामाचा नाही.

आता खरे बिघाड. त्यांत पहिला नंबर पंख्यांचा. चिऱ्याच्या गडग्याला किंवा फांदीला घासून पात्याचा टवका उडतो, पात्याचा तोल जातो आणि सगळा सांगाडा थरथरतो. ही थरथर प्रवेगमापकापर्यंत जाते आणि संगणकाला खोटाच प्रवेग दिसतो. आर्डूपायलटच्या नोंदींत कंपन सेकंदाच्या वर्गाला ३० मीटरच्या खाली असेल तर सहसा चालतं; ६० च्या वर गेलं की उंची राखण्यात अडचण जवळपास ठरलेली. अशा वेळी ड्रोन पूर्ण ताकदीने वर पळू शकतो. पातं "थोडंच" तुटलंय म्हणून चालवून घेणं हा सगळ्यांत महागात पडणारा काटकसरीपणा आहे. पाती जोडीने बदलावीत.

बॅटरी जुनी झाली, फुगली किंवा एक सेल कमजोर झाला, की जोर लावताना व्होल्टेज कोसळतं आणि ड्रोन उंची धरू शकत नाही. हा दोष उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात दिसतो, त्यामुळे ओळखायला सोपा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावूच नये. तिला आग लागू शकते.

रिमोटची स्टिक मधोमध न थांबणं हा किरकोळ वाटणारा पण वारंवार आढळणारा दोष आहे. स्टिक सोडली तरी यंत्राला ती किंचित वर आहे असं वाटतं, आणि ड्रोन एकाच गतीने चढत राहतो. रिमोटच्या कॅलिब्रेशनने तो पाच मिनिटांत जातो. खेळण्यातल्या स्वस्त ड्रोनमध्ये दाबमापक एकतर नसतो किंवा फार ढोबळ असतो. त्यांच्याकडून मोकळ्या जागेत स्थिर उंचीची अपेक्षाच ठेवू नये.

या सगळ्यातून दोष हुडकायचा तर क्रम महत्त्वाचा. आधी पाती काढून टाकायची. पाती असताना घरात मोटर चालू होईल असा कुठलाही प्रयोग करू नये. मग ड्रोन टेबलावर ठेवून, खोलीतला पंखा बंद करून, चालू करायचा आणि पडद्यावरच्या उंचीकडे दहा मिनिटं बघायचं. आकडा मीटर-दीड मीटर सावकाश सरकला तर ठीक. मध्येच पाच मीटरने उडाला तर दाबमापक संशयित. मग छतावरचा पंखा लावायचा, नंतर विजेरीचा झोत कवचाच्या फटींवर टाकायचा. पंख्याने आकडा नाचला तर स्पंज गेलाय. उजेडाने नाचला तर उन्हातला दोष सापडला. टेबलावर सगळं ठीक असेल, तर नवी पाती आणि पूर्ण चार्ज बॅटरी लावून सकाळच्या शांत हवेत, मोकळ्या मैदानावर, पाच मीटरवर ड्रोन सोडून बघायचा. तिथे तो स्थिर राहिला आणि नदीवर किंवा कड्याशीच बिघडला, तर यंत्रावर खर्च करण्यात अर्थ नाही.

एवढी काळजी कशासाठी, ते इंग्लंडमधल्या एका घटनेवरून दिसतं. ४ जुलै २०१९ रोजी गुडवूड इथे प्रात्यक्षिकादरम्यान सुमारे ९५ किलोचा एक ड्रोन ताब्यातून सुटला. वीज तोडण्याचं आणीबाणीचं बटणही चाललं नाही. तो सुमारे ८,००० फुटांपर्यंत, विमानांच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात चढला आणि बॅटरी संपल्यावर घरांपासून साधारण ४० मीटरवरच्या शेतात कोसळला. कोणालाही इजा झाली नाही, हे केवळ नशीब.

पेडणे तालुक्यात हा धोका प्रत्यक्षातला आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हरित, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हवाई क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उठवताच येत नाही. उंची आपोआप वाढली, ही सबब तिथे चालत नाही. आमोणे या पट्ट्यांपासून लांब आहे, पण पेडणे तालुक्यात ड्रोन घेऊन जाणाऱ्याने निघण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघितलाच पाहिजे.

आणि ड्रोनने असा दगा दिलाच, तर घाईने रीसेट मारू नये, सॉफ्टवेअरही लगेच अद्ययावत करू नये. रिमोट आणि ॲप यांत उड्डाणाची नोंद राहते. त्यात स्टिक कुठे होती, दाबाने सांगितलेली उंची किती होती, बॅटरी किती होती, हे सेकंदासेकंदाला लिहिलेलं असतं. ती नोंद आधी दुसरीकडे उतरवून ठेवा आणि दुरुस्तीला देताना ड्रोनबरोबर तीही द्या.